माझी ताई हवेवर जगते

आमच्या घरात सगळे रंगारी. आजोबा रंगारी, बाबा रंगारी, मीही तेच करतो. ताई तेवढी हवामानशास्त्रज्ञ झाली. नवीन माणसाला ओळख करून देताना बाबा म्हणतात, "हा मुलगा भिंतीवर जगतो आणि ही मुलगी हवेवर." समोरचा हसतो, आणि बाबांना तेवढंच हवं असतं.

खरं तर ताईच्या डोक्यात हे खूळ शिरलं ते बाबांमुळेच. ती आठवी-नववीत असताना बाबांनी एका शाळेच्या बाहेरच्या भिंतींचं काम घेतलं होतं. आकाश निरभ्र राहील असं रेडिओने सकाळी सांगितलं. त्या भरवशावर बाबांनी अख्खी दर्शनी भिंत एका दमात पिवळी केली. दुपारी ताई आणि मी डबा घेऊन गेलो, तेवढ्यात कुठूनसा एक ढग आला आणि असा कोसळला, की शाळेच्या फाटकापर्यंत पिवळे ओघळ गेले. बाबा डोक्यावर रिकामी बादली पालथी घालून पायरीवर बसले आणि म्हणाले, "चला, रस्ताही रंगवून दिला. फुकटात."

आम्ही सगळे हसलो. ताई हसली नाही. घरी येताना तिने विचारलं, "बाबा, तो ढग सकाळी कुठे होता?"

"मला काय विचारतेस? ढगाला विचार."

बाबा चेष्टेत बोलले, ताईने मनावर घेतलं. कॉलेजात तिने भौतिकशास्त्र घेतलं आणि पुढे हवामानशास्त्र शिकायला दुसऱ्या शहरात गेली. मामा घरी येऊन म्हणाला, "ढग मोजून कुणाचं पोट भरतं का?" आईने त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. "तिचं पोट ती बघेल. तू तुझं बघ, शर्टाची बटणं तुटायला आलीत."

पण मामाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. शिक्षण संपलं आणि नोकरी काही मिळेना. हवामान खात्याच्या लेखी परीक्षेत ताई वरच्या नंबरात आली. मुलाखतीला टेबलापलीकडे तिघे जण बसले होते. त्यातल्या चष्मेवाल्यांनी विचारलं, "त्या खिडकीतून बाहेर बघा आणि सांगा, संध्याकाळी पाऊस पडेल का?"

ताई उठून खिडकीशी गेली. बाहेर हाताच्या अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. ती म्हणाली, "सर, पावसाचं इथून सांगता येणार नाही. पण त्या भिंतीला ओल आलीय. आतून पाइप गळत असणार."

रंगाऱ्याची पोर ती, दुसरं काय सांगणार? बाकीचे दोघे खो खो हसले, चष्मेवाले हसले नाहीत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नोकरी हुकली.

मग ती शिकवणी वर्गात गणित शिकवायला लागली आणि उरलेल्या वेळात अर्ज करत राहिली. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, असं ते रहाटगाडगं. शेवटी एका लहानशा विमानतळावर हवेच्या नोंदी घ्यायला माणूस हवा होता, तोही तात्पुरता. तिच्या शिक्षणाच्या मानाने काम फारच खालचं होतं. पण दगडापेक्षा वीट मऊ. शिवाय विमानतळ आमच्याच गावाबाहेर, म्हणजे राहायचा खर्च नाही.

मी एकदा तिचा डबा द्यायला गेलो होतो. वरच्या मजल्यावर एक खोली, तीन बाजूंनी काचा, कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर एकेक नट-बोल्ट. खाली कुंपण घातलेल्या हिरवळीच्या तुकड्यावर झडपांची पांढरी पेटी, तिच्यात थर्मामीटर. तिथल्या जुन्या निरीक्षकांना सगळे काका म्हणत. त्यांनी ताईला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पोरी, तू शिकलीयस ते ठीक. पण आधी बाहेर बघायचं, मग कागदाकडे. कागद कुठे पळून जात नाही."

किती लांबचं दिसतंय हे वैमानिकाला कळवणं हेही तिचं काम होतं. त्याची युक्ती साधी. अमुक चिमणी दिसली म्हणजे इतकं लांबचं दिसतंय, तमुक मनोरा दिसला म्हणजे तितकं. त्यात गावाची पाण्याची उंच टाकी सगळ्यात भरवशाची, पांढरीशुभ्र.

एका सकाळी ताई बघते तर टाकी गायब. चिमणी दिसतेय, पण तिच्यापलीकडे नुसतं आकाश. काकांनी डोळे चोळले. "टाकी गेली कुठे?" नियम म्हणजे नियम. ताईने दृश्यमानता कमी झाल्याचं कळवलं. येणारं छोटं विमान वरच्या वर घिरट्या घालत राहिलं. शेवटी वैमानिकच वायरलेसवर म्हणाला, "अहो, मला इथून तुमच्या गच्चीवर वाळत टाकलेला टॉवेल दिसतोय. उतरू का?"

संध्याकाळी ताई घरी आली तेव्हा बाबा हात रॉकेलने पुसत होते. हाताला निळा रंग.

"बाबा, तुम्ही सध्या कुठलं काम करताय?"

"मोठं काम आहे. पाण्याची टाकी. आकाशी रंग दिलाय. काल टाकी संपली, आज नुसती शिडी रंगवली. अशी मिसळून गेलीय आकाशात, की शोधावी लागते!"

ताई मटकन खुर्चीत बसली आणि हसत सुटली. बाबांना कारण कळल्यावर ते इतके खूश झाले, की महिनाभर भेटेल त्याला सांगत सुटले, "मी विमान थांबवलं." काकांनी मुकाट्याने यादीतून टाकी काढून एका गिरणीचं छप्पर घातलं.

त्या खोलीत ताई आकाश वाचायला शिकली. पण नोकरी तात्पुरतीच होती. मुदत संपायला आली तेव्हा काकांनीच तिला एक काम सुचवलं. खाडीवर लांबलचक पूल होत होता, आणि बांधणाऱ्या कंपनीला वाऱ्याचा अंदाज सांगणारं माणूस हवं होतं. पुलाचे लोखंडी गाळे, म्हणजे दोन खांबांमधले तुकडे, क्रेनने वर चढवायचे, आणि वारा जोरात असेल तर एवढं वजन हवेत लटकवणं जिवावरचं काम. ताई गेली. पत्र्याच्या केबिनमध्ये टेबल, संगणक, आणि बाहेर मनोऱ्यावर वारा मोजणारं यंत्र.

तिथले मुख्य इंजिनिअर सरळ पण तापट. ताईने पहिलाच मोठा अंदाज दिला, "उद्या दुपारी वारा वाढेल." साहेबांनी काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी झाडाचं पान हललं नाही. कामगार क्रेनच्या सावलीत पत्ते कुटत बसले. कुणीतरी धुतलेला शर्ट दोरखंडावर वाळत टाकला होता. साहेबांनी ताईला बाहेर बोलावलं.

"मॅडम, तो शर्ट बघा. हलतोय का?"

"नाही, साहेब."

"बरं." एवढंच बोलून ते निघून गेले. ओरडले असते तर परवडलं असतं, असं ताई म्हणते.

तिने घरी फोन केला. बाबा म्हणाले, "अगं, तू तर त्या रेडिओवाल्यासारखी झालीस की!" मग त्यांचा आवाज उतरला. "हे बघ, माझी भिंत वाहून गेली ते त्याला कधी कळलंच नाही. तुझ्यामुळे काम थांबलं ते तुला समोर दिसलं. हे बरंच झालं. आता काय करायचं ते बघ."

ताईने विचार केला आणि साहेबांना जाऊन सांगितलं, "मी इथून पुढे 'होईल' किंवा 'नाही होणार' असं म्हणणार नाही. दहापैकी किती शक्यता, ते सांगेन."

"मला हो की नाही ते हवंय."

"तो निर्णय तुमचा. माझी खात्री किती आहे हे मी लपवलं, तर तुमचा निर्णय चुकेल."

साहेब कुरकुरले, पण ऐकू लागले. हळूहळू केबिनमध्ये येऊन स्वतःच विचारू लागले, "काय, आज दहात किती?" कामगारांनीही ते उचललं. जेवायला उशीर झाला की एकमेकांना विचारायचे, "डबा यायची शक्यता दहात किती?"

शेवटचा गाळा चढवायचा दिवस ठरला. दुपारी पाहुणे येणार, फोटो निघणार, मांडलेल्या खुर्च्यांवर चादरीही घातल्या होत्या. आदल्या दिवशी ताई म्हणाली, "दुपारी वारा वाढायची शक्यता दहात सात. सकाळी शांत राहायची दहात नऊ."

साहेबांनी एका खुर्चीवरची चादर सरळ केली. मग म्हणाले, "सकाळी चढवू. पाहुण्यांना चहा पाजू."

सकाळी गाळा सरळ वर गेला आणि जागेवर बसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई पुन्हा वाऱ्याचे आकडे बघायला केबिनमध्ये गेली. दुपारी वारा आला, पण धड ना जोराचा ना मंद. क्रेन थांबवावी लागली असती किंवा नसतीही. पाहुणे गेल्यावर साहेबांनी विचारलं, "मॅडम, आपण वाचलो की उगाच घाई केली?"

"ते आता कुणालाच कळणार नाही, साहेब."

"विचित्र धंदा आहे तुमचा," ते म्हणाले आणि पहिल्यांदा मनापासून हसले.

पूल झाल्यावर ताईने हवामान खात्यात पुन्हा अर्ज केला. या वेळी टेबलापलीकडे एक वयस्क बाई होत्या. त्यांनी विचारलं, "तुमचा एखादा चुकलेला अंदाज सांगा." ताईने शर्टाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, काय बघायचं राहून गेलं तेही सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवून ऐकलं. ताई पास झाली.

आज ती अंदाज विभागाची प्रमुख आहे. नवीन आलेल्या मुलामुलींना संगणकापाशी बसवण्याआधी गच्चीवर नेते. कुणाचा अंदाज चुकला की त्याला ओरडत नाही, पण का चुकला ते शोधल्याशिवाय घरीही सोडत नाही. लोक अजून तिला हवामान खात्यावरचे विनोद ऐकवतात. ती त्यांच्यापेक्षा चांगले विनोद सांगते.

गेल्या रविवारी मी तिच्याकडे गेलो होतो. तिच्या सांगण्यावरून शेजारच्या काकूंनी गादी उन्हात घातली होती. आम्ही चहा घेत होतो तोच टपटप सुरू झालं. काकूंनी खालून हाक मारली, "अगं ए, हे काय? तूच म्हणालीस ना ऊन पडेल!"

"आले, काकू!" ताई कप तसाच ठेवून चपला न घालता जिन्याने धावली, आणि मी तिच्या मागे. गादीचं एक टोक तिने धरलं, एक मी. काकू छत्री धरून आमच्या शेजारून चालत तिला बोलत होत्या, आणि ताई भिजत, हसत "हो काकू, चुकलंच" म्हणत होती.