लाल रेघेला दोन बोटं कमी

उंच रुळांवरून धावणाऱ्या सुरवंट नावाच्या राइडच्या फाटकाशी गेली अकरा वर्षं एकच बाई उभ्या असतात. सगळा पार्क त्यांना पट्टीवाल्या मावशी म्हणतो. काम एवढंच, की पोराला उंचीच्या पट्टीला टेकवायचं. डोकं लाल रेघेला लागलं तर आत, नाही तर परत. सोपं वाटतं ना? मग सुट्टीच्या दिवशी तासभर उभं राहून दाखवा! आया पोरांना टाचा उचलायला शिकवून आणतात, बाप बुटांत कागदाचे बोळे कोंबतात. एका आजोबांनी तर नातवाच्या टोपीत सफरचंद लपवलं होतं. मावशींनी ते काढून पोराच्याच हातात दिलं. "खा बाळा, उंची वाढेल."

त्या दिवशी मात्र मावशींचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. लेक-जावई जुळ्यांना घेऊन सुट्टीला आले होते आणि सोबत विहीणबाई. "सूनबाईंच्या आई ना? जत्रेत काठी धरून उभ्या असतात," असं विहीणबाई चारचौघांत हसून सांगायच्या आणि लेक ते मुकाट्यानं गिळायची. आज त्या स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होत्या. आपलं काम काय आहे ते त्यांना एकदा कळावं, लेकीच्या मागची ही टोचणी सुटावी, एवढीच मावशींची इच्छा होती. गणवेशाला त्यांनी दोनदा इस्त्री फिरवली होती.

दुपारी लवाजमा आला. ढकलगाडीत पिशव्या, पोरं जावयाच्या अंगावर. साडेतीन वर्षांची नात आइस्क्रीमनं कोपरापर्यंत माखलेली, नातवाचा एक मोजा गायब. नात पट्टीला टेकली, डोकं रेघेला बरोबर लागलं. नातू टेकला, तर दोन बोटं कमी. मावशींनी पुन्हा मोजलं. पट्टीला कुठलं आलंय नातंगोतं!

नातवानं भोकाड पसरलं. विहीणबाईंचा पारा चढला. "अहो, पोरगी चालते आणि पोरगा नाही? स्वतःच्या नातवाला अडवताय?"

लेक कानाशी लागली. "आई, एकदाच सोड ना. घरी मलाच ऐकून घ्यावं लागेल गं."

हे मात्र मावशींच्या काळजाला लागलं. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून पार्कचे साहेब आले. "मावशी, घरचीच माणसं आहेत. सोडा की."

"साहेब, मग पट्टी तुम्ही धरा," मावशी म्हणाल्या. "माझ्या हातात आहे तोवर रेघ खाली येणार नाही."

साहेबांना एकदम दुसरीकडचं काम आठवलं.

गाडी फलाटाशी थांबलेली होती. मावशींनी चालकाला हात केला, "बटणाला हात लावू नकोस." नातीला पहिल्या डब्यात बसवून त्यांनी लोखंडी दांडा मांडीवर दाबला. खट्ट! "आता ये बघू बाहेर." पोरीनं अंग वळवलं, पाय झाडले, पण जागची हलेना. मग तिला उतरवून त्याच जागी नातवाला बसवलं. पुन्हा खट्ट. "विहीणबाई, आता त्याला हाक मारा."

"ये रे माझ्या राजा," विहीणबाई म्हणाल्या.

राजा खिदळत दांड्याखालून सरकला, टुणकन फलाटावर उतरला आणि धावत जाऊन आजीच्या गुडघ्यांना बिलगला. दांडा तसाच घट्ट बसलेला होता. विहीणबाईंनी वर, सुरवंटाच्या पहिल्या वळणाकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला. पोराला त्यांनी असं काही छातीशी धरलं की त्यालाच गुदमरायला झालं.

मावशी येऊन आपल्या जागी उभ्या राहिल्या. पुढच्या गृहस्थांचं पोर बोटभर कमी भरलं.

"एका बोटाचं काय घेऊन बसलात, बाई?" गृहस्थ तडकले.

मावशींनी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "ओ, ऐकू येत नाही का? त्या नाही म्हणाल्या म्हणजे नाही! माझ्या नातवाला सोडलं नाही त्यांनी, तुम्ही कोण लागून गेलात? विहीणबाई आहेत त्या माझ्या!"

मावशींचा ऊर भरून आला. लेकीकडे बघायचा मात्र त्यांना धीर होईना, कारण रांग मोठी होती आणि डोळे भरले असते तर रेघ दिसली नसती.