फेर्मिनला नातीने दाखवलेलं चित्र

माद्रिदच्या लावापिएस भागात, उताराच्या रस्त्यावर फेर्मिनची लॉटरीची टपरी आहे. तिकिटं विकणारा आंधळा म्हातारा म्हणून सगळी गल्ली त्याला ओळखते. पण तो जन्मांध नव्हे. तरुणपणी तो लोकांची घरं रंगवायचा, आणि सुट्टीच्या दिवशी धुतलेला शर्ट घालून प्राडो संग्रहालयात चित्रं बघायला जायचा. एकटाच. पुढे काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. अंधांना देतात ती लॉटरीची टपरी मिळाली, संसार सावरला, मुलीचं, रेमेदियोसचं लग्न झालं. प्राडोचं नाव मात्र त्याने कायमचं टाकलं.

यंदा वसंतात त्याची सहा वर्षांची नात कासिल्डा कांजिण्यांनी आजारी पडली आणि तिची शाळेची प्राडोची सहल हुकली. बरी झाल्यावर तिने हट्टच धरला. "आजोबा, तू चल माझ्याबरोबर."

"अगं, आजोबा तिथे काय बघणार?" रेमेदियोस बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"मी आहे ना! मी सांगेन त्याला."

फेर्मिनने टाय बांधला. संध्याकाळच्या फुकट प्रवेशाच्या रांगेत कासिल्डाने बटाट्याच्या ऑम्लेटचा पाव संपवला, आणि दोघं आत गेली.

"आजोबा, इथे कुणीच कपडे घातले नाहीयेत!"

"हळू बोल."

"का? सगळ्यांना दिसतंयच की."

पण थोड्या वेळाने ती कंटाळली. "सगळे नुसते मरतायत, नाहीतर प्रार्थना करतायत. पाय दुखले माझे." फेर्मिनला ओशाळल्यासारखं झालं. उगाच आलो, आंधळ्याने पोरीलाही ताटकळत ठेवलं, असं वाटून तो परत फिरणार होता. तरी म्हणाला, "एक मोठं चित्र आहे, मध्ये छोटी राजकन्या. तेवढं बघू नि जाऊ."

कासिल्डाने ते गर्दीवरूनच ओळखलं. "जरा सरका! माझ्या आजोबांना बघायचंय." लोकांनी वळून पाहिलं, पांढरी काठी दिसली, वाट झाली. तिने त्याला अगदी समोर नेऊन उभं केलं.

"माझ्यासारखीच मुलगी आहे. फ्रॉक एवढा रुंद की दारातून जायची नाही. एक बाई तिला लाल भांड्यातून पाणी देतेय, पण तिला नकोय."

"कशावरून?"

"बघतच नाहीये तिकडे. आई औषध देते तेव्हा मी असंच करते."

"आणि कुत्रा? झोपलाय ना?"

"नाही. एका मुलाने त्याच्यावर पाय ठेवलाय. डोळे मिटलेत, पण डोकं वर आहे. तो सहन करतोय."

"बाईसाहेब, मी हे चित्र शंभरदा बघितलंय. झोपलाय तो."

"मग तू नीट बघितलं नसशील."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. फेर्मिनने आठवायचा प्रयत्न केला, आणि खरंच, ते जड डोकं वर होतं. एकेक रंग परत आला. इतकी वर्षं त्याने हे स्वतःला आठवूच दिलं नव्हतं.

"वरच्या भागात काय आहे?"

"काहीच नाही. अंधार, आणि छत. एवढं मोठं छत कशाला काढलं?"

"मला तेच सगळ्यात जास्त आवडायचं," फेर्मिन म्हणाला आणि त्याने मान वर केली.

आता आजूबाजूचे लोकही ऐकत होते. एका बाईने कासिल्डाला विचारलं, "आणि चित्रात मागे दारात कोण उभा आहे गं?"

"तो निघालाय, पण त्याचा पाय निघत नाहीये," कासिल्डा म्हणाली.

"कोण हो ही?" बाईने फेर्मिनला विचारलं.

फेर्मिनने टाय सरळ केला. "माझी नात. कासिल्डा." आवाज जरा मोठाच निघाला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या बारवाला बासिलियो टपरीशी आला. "काय रे, प्राडोत गेला होतास म्हणे? आंधळा माणूस तिथे करतो काय?"

"नात घेऊन गेली होती. तुला नेलंय का कधी कुणी?"

बासिलियोचा सगळा जन्म माद्रिदात गेला, पण त्याने प्राडोचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. फेर्मिनने मग त्याला कुत्र्याचं सगळं सांगितलं, आणि पुढे आलेल्या गिऱ्हाइकालाही.