लखनौला केलेली पेटी

सन २०२३. माझं वय एकाहत्तर. शिक्षण तिसरी, धंदा सुतारकीचा, गाव कराडच्या पलीकडं. त्या जानेवारीत हत्यारांचं पोतं घेऊन मी एकटा लखनौला गेलो. मुलगा संतोष तिथं कंपनीत होता, आणि बायको-पोरीला घेऊन कायमचा जर्मनीला निघाला होता. फोनवर म्हणाला, "आबा, सामान बांधायला माणसं येणारायत. तुम्ही नुसतं भेटायला या."

"माझ्या पोराचं सामान परक्यानं बांधायला मी मेलोय का?" म्हणालो आणि फोन ठेवला.

उत्तरेत शिरल्यावर कोहरा (दाट धुकं) असा पडला की गाडी चाललीय का उभी आहे, खिडकीतून कळेना. समोरच्या बाईनं विचारलं, "बाबूजी, बोरी में क्या है?"

"करवत, रंधा, पटाशी."

"इस उमर में काम पर जा रहे हैं?"

"बेटा परदेस जा रहा है. उसकी पेटी बनाने."

मग तिनं मला एक पुरी दिली, सोबत गार झालेली बटाट्याची सब्जी (भाजी).

संतोषचं भाड्याचं घर वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. आत शिरलो तर घर निम्मं रिकामं. त्याच्या लग्नात मी केलेला सागवानी पलंग दिसेना.

"मामंजी, खालच्यांना दिला," सून दीपाली म्हणाली. "नेता येत नव्हता हो."

मी पाणी प्यालो. पेटी करायची हे गावाहूनच ठरवून आलो होतो, आता तर इरेलाच पेटलो. माझ्या हातचं तेवढंच त्यांच्याबरोबर जाणार होतं.

सकाळी दीपालीबरोबर अमीनाबादच्या बाजारात गेलो. तिला पोरीसाठी लोकरीचे कपडे हवे होते, मला पितळी स्क्रू. गर्दी एवढी की रिक्षा सोडून चालावंच लागलं, त्यात माझी एक चप्पल गेली ती गेलीच. बरोबर आलेली सहा वर्षांची नात ईरा हसून हसून वाकली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदी. एका गाडीवाल्यानं पानाच्या द्रोणात मक्खन मलाई (दुधाचा गोड फेस, थंडीतच मिळतो) दिली. जिभेवर ठेवली आणि विरली, खाल्ली का नाही तेच समजेना.

"आबा, जर्मनी में आप कौन से कमरे में रहोगे?" ईरानं विचारलं.

दीपाली म्हणाली, "ईरा, समोर बघ. सांडशील."

तिथून लाकडाच्या वखारीत. मी शीशम (आपल्या शिसवाचा भाऊ) मागितलं तर वखारवाला हसला. "चाचा, पैकिंग के लिए शीशम? सब लोग आम की लकड़ी ले जाते हैं."

"सब को ले जाने दो. मला शीशम दे."

बाल्कनीत बसून पेटी केली. कोपरे एकमेकांत गुंतवले, रंधा मारून आरशासारखं केलं. संध्याकाळी संतोष ऑफिसातून आला की शेजारी बसून फळी धरायचा. लहानपणी धरायचा तशीच, वाकडी.

"खिळे मारा की आबा. पटकन होईल."

"खिळ्याची पेटी एकदाच उघडते. तुम्ही परत येताना ही सोडून पुन्हा जोडता आली पाहिजे."

त्यानं फळी नीट धरली.

मग सामान बांधणारे आले. त्यांचा म्होरक्या पेटीवरून हात फिरवत म्हणाला, "बाबूजी, चीज़ लाजवाब है. मगर जहाज़ पर नहीं चढ़ेगी."

"क्यों? ठीक नहीं है?"

"कच्ची लकड़ी बाहर मना है. कीड़ा चला जाता है. भट्ठी में तपाई हुई चाहिए, मोहर वाली."

"माझ्या लाकडात कीड?" मी आवाज चढवला. "दाखव! एक भोक दाखव!"

संतोषनं मला बाजूला घेतलं. "आबा, तो खरं सांगतोय. मला माहीत होतं."

"माहीत होतं? मग करू का दिलीस?"

"नको म्हटलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही?" तो म्हणाला, "तुमची ठोकठोक चालली होती ना, तेवढे दिवस घर घरासारखं वाटलं."

पोराचा सगळा संसार दुपारपर्यंत पुठ्ठ्याच्या खोक्यांत गेला.

विमानतळाच्या दारापर्यंतच मला सोडलं. संतोष पाया पडला. ईरानं काचेआडून हात हलवला, मग गर्दीत कुठली ती आणि कुठली दुसरी, दिसेना.

पेटी सोडली, फळ्यांचा भारा बांधला आणि परतीच्या गाडीत बाकाखाली सारला. पन्नासएक वर्षं मी लोकांच्या घरांची दारं केली. दारातून माणसं बाहेर जातात, हे काही मला नवं नव्हतं. पण आपला पोरगा गेला की ते ज्ञान कामाला येत नाही. तो परत येईल असं मला आता वाटत नाही.

गावात पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. जेवलो नाही, तसाच पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून अंघोळ केली, भारा एस.टी.च्या टपावर टाकला आणि कराडच्या वखारीत गेलो. लाकडाबद्दल जन्मात कुणाला काही विचारलं नव्हतं. मालकापुढं उभा राहिलो आणि विचारलं, "लाकूड तापवून मोहर मारणारी भट्टी कुठं आहे?"