दाभणाची दोन भोकं

हे मुलाला सांगितलेलं नाही, सुनेला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय गाळते. तुम्हाला सांगतेय कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असलात — तर असू दे, आता वाचाच.

आधी माझा स्वभाव सांगते. मी संशयी आहे. माझी तीस वर्षांची नोकरी दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात गेली. काट्याखाली चिकटवलेलं चुंबक शोधायचं, मापाचा तळ ठोकून बघायचा. असं काम केलेल्या बाईची नजर समोरच्याच्या तोंडाकडे नाही, आधी हाताकडे जाते. दूधवाला असो की डॉक्टर, मी सगळ्यांकडे तशीच बघत आले.

निवृत्त झाले तेव्हा यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. निखिलने, माझ्या मुलाने, मला गाडी घेऊन दिली आणि मी पुन्हा घराबाहेर पडायला लागले. त्याची अट एकच होती. आई, हवी तेवढी चालव, पण बॉनेटच्या आत हात घालायचा नाही. घातलास तर किल्ली परत.

गाडीचं ऑइल बदलायला परब यायचे. मूळचे कणकवलीकडचे, भांडुपला छोटं गॅरेज. यजमानांची मोटरसायकलही तेच बघायचे, आणि मुलुंडच्या आमच्या सोसायटीतल्या निम्म्या गाड्यासुद्धा. वॉरंटीच्या पुस्तकात लिहिलं होतं — कंपनीने मान्य केलेलंच ऑइल घाला, नाहीतर इंजिनाची जबाबदारी आमची नाही. परब तेच ऑइल बिलासकट आणायचे. पण बिलावर विश्वास ठेवणारी मी नव्हे. सीलबंद डबा माझ्यासमोर उघडायचा, शेवटचा थेंब जाईपर्यंत मी शेजारी उभी. मग रिकाम्या डब्याला मी दाभणाने दोन भोकं पाडायची — एक मुठीखाली, एक तळाशी, बॅच नंबरातल्या शून्याच्या मधोमध. त्यात भेसळीचं ऑइल भरून कोणी पुन्हा विकायला नको, म्हणून. पोती शिवायचं ते दाभण मी गाडीतच ठेवलं होतं. परब हसायचे. म्हणायचे, डबा गॅरेजात जपून ठेवतो, वॉरंटीवाल्यांनी कधी विचारलं तर दाखवायला. मला वाटायचं, हा माणूस एवढा गोड का बोलतो?

शेवटच्या वेळी ते ऑइल ओतत असताना माझा फोन वाजला. मी मिनिटभर पाठ फिरवली. डबा रिकामा होता, मी नेहमीसारखी भोकंही पाडली, पण ते एक मिनिट काही डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये जाऊन बॉनेट उघडलं. ऑइल मोजायची पट्टी पुसून आत घातली, बाहेर काढली. ऑइल खुणेच्या बरंच खाली! मला काय वाटलं असेल? राग? नाही हो. आनंद झाला. चोर सापडल्याचा आनंद.

परबांना फोन करायला हवा होता. केला नाही — पुढच्या वेळी रंगेहाथ पकडायचं होतं ना. माळ्यावर यजमानांच्या मोटरसायकलचं जुनं ऑइल पडून होतं, त्यातलं जवळजवळ लिटरभर मी ओतलं. पट्टी खुणेला आली. दुसऱ्याच्या डब्याचा बॅच नंबर वाचणारी मी, हे ऑइल गाडीला चालतं का, एवढंही वाचून बघितलं नाही.

महिन्याभराने घोडबंदर रोडच्या चढावर गाडीने निळा धूर सोडला आणि बंद पडली. कंपनीच्या वर्कशॉपने ऑइल काढून तपासलं. मान्य नसलेलं ऑइल मिसळलंय, शिवाय प्रमाणापेक्षा जास्त भरलंय. वॉरंटी लागू होणार नाही. जास्त? कमी होतं, ते जास्त कसं झालं? हा प्रश्न मला तिथेच पडला होता. मी तो बाजूला सारला, कारण निखिल शेजारी उभा राहून विचारत होता, हे कोणी ओतलं?

मी म्हटलं, परबांनी.

किल्ली जाईल ही भीती होतीच. पण त्याहून — लबाडी पकडणारी म्हणून मिरवत आलेली मी, मीच मूर्ख ठरले असते. ते मला सोसवलं नसतं.

निखिलने सोसायटीत तक्रार केली. रविवारी सकाळी ऑफिसात कमिटीचे चौघे, आम्ही दोघं आणि परब. ते डबा घेऊन आले होते. कमिटीशी अगदी सावकाश, शुद्ध मराठीत बोलले. मग डबा टेबलावर न ठेवता त्यांनी माझ्या हातात दिला.

“वयनी, ही भोकां तुमच्याच हातची मा?”

मी डबा फिरवून बघितला. मुठीखाली एक. तळाशी दुसरं, शून्याच्या मधोमध. मी बोटाने चाचपून खात्री करून घेतली — ही सवय त्याही वेळी सुटली नाही. आणि मग मी म्हणाले,

“भोक काय, कोणीही पाडेल.”

परबांनी वाद घातला नाही. डबा परतही मागितला नाही. पुढच्या आठवड्यात गेटवर सूचना लागली, बाहेरच्या मेकॅनिकला आत सोडू नये. हळूहळू आजूबाजूच्या सोसायट्यांतही बोभाटा झाला. वर्षभरात त्यांनी गॅरेज बंद केलं आणि ते गावी गेले, असं वॉचमनने सांगितलं.

तुम्ही म्हणाल, बाईंना निदान खात्री तरी होती की त्यांनी ऑइल कमी घातलं. मीही तेच धरून बसले होते. नंतर एकदा वर्कशॉपमधून ऑइल बदलून आणलं. तिथे माझ्यासमोर पट्टी बरोबर खुणेला होती. दुसऱ्या दिवशी घरी पुन्हा बघितली तर खाली. तेवढीच खाली. आमची इमारत डोंगराच्या कडेला आहे, माझी पार्किंगची जागा उतारावर. गाडी तिथे तिरकी उभी राहते. काटा आधी सपाट जागी ठेवा, मग माप बघू — हे वाक्य मी नोकरीत किती दुकानदारांना सुनावलं असेल?

त्याला सहा वर्षं झाली. परबांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मी तो लावलेला नाही. निखिल अजून लोकांना सांगतो, बाहेरच्या मेकॅनिकवर विश्वास ठेवू नका, हवं तर आईला विचारा. लोक माझ्याकडे बघतात आणि मी मान डोलावते.

डबा माळ्यावर आहे. परबांनी ऑइल पुरेपूर घातलं होतं. भोकं माझ्याच हातची होती.