दोन टायर, केशकाल घाट आणि उतईचं वळण

माझी बायको वैशाली गेलं वर्षभर माझ्या गाडीवर मागे बसलेली नाही. चरोद्याला माहेरी जायचं झालं की ती आपली स्कूटी काढते आणि मी माझी साडेतीनशे सीसीची धूड गाडी घेऊन तिच्या मागे मागे निघतो. भिलाईच्या सेक्टर टूमधल्या शेजाऱ्यांनी सुरुवातीला चौकशी केली, आता त्यांनाही सवय झाली आहे.

कारण या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना माहीत आहे. गेल्या वर्षी पाऊस पडून गेल्यावर उतईकडून परत येताना एका वळणावर मागचं चाक घसरलं. मी खरचटण्यावर सुटलो, वैशालीचा डावा हात मनगटात मोडला आणि सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला. त्यानंतर मी इथेच एक लांबलचक लेख लिहिला: गाडीबरोबर येणारा टायर ओल्या रस्त्यावर कसा दगा देतो. माझ्या सगळ्या लिखाणात तो सर्वांत जास्त वाचला गेला. वैशालीने तो वाचला आणि ती काहीच बोलली नाही.

खरं तर आम्हा दोघांना चित्रकोटचा धबधबा पाहायला जायचं होतं. अपघातानंतर तो विषयच बंद झाला. मी फार मागे लागलो तेव्हा भांडी आवरता आवरता ती म्हणाली, "पहिले तुम्ही भरवशाचा टायर शोधा, मंग पाहू."

आता मी पोलादाच्या प्लांटमध्ये तपासणी विभागात आहे. रोज गरम लोखंडाची जाडी मोजणं हेच माझं काम. मला कुणी 'शोधा' म्हटलं की मी वही उघडतो. दोन टूरिंग टायर निवडले. एक मऊ रबराचा, मागच्या चाकाचा साधारण सात हजारांना पडला. दुसरा कडक रबराचा, साडेचार हजारांत आला आणि दुकानदाराच्या म्हणण्यानुसार दीडपट चालणार होता. आता तुलना करायची तर एकसारख्या दोन गाड्या हव्यात. दुसरी गाडी होती माझ्या सासऱ्यांकडे.

मामाजी, म्हणजे वैशालीचे वडील, आयुष्यभर मालगाडी चालवून निवृत्त झाले. जावयाची गाडी आवडली म्हणून त्यांनी तीच, त्याच रंगाची घेतली. मी योजना सांगितली तर ते एका पायावर तयार झाले. मी माझा मऊ टायर दुकानात बसवून घेतला. कडक टायर मात्र मामाजींनी चरोद्याच्या घरी, अंगणात पाट टाकून स्वतः बसवला.

"मामाजी, दुकानात देऊ न. मशीनवर बसवते तो."

"इंजिन चालवलं मी अख्खी जिंदगी, जावई. एक चाक नाई बसवता येणार का मले?"

वैशाली चहा घेऊन बाहेर आली, दोन्ही टायरांकडे पाहून आत गेली. मी तिच्या पाठीला म्हटलं, "परत आलो की निकाल सांगतो." ती "बरं" म्हणाली.

सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस ओसरत आला असताना, एका शनिवारी सकाळी सहाला आम्ही निघालो. नियम मी आखले होते: हवा सारखी, पेट्रोल सारखं, वजन सारखं. मामाजी आले ते मागे लोखंडी पेटी बांधून. ड्युटीवर जाताना ती पेटी त्यांच्याबरोबर इंजिनात असायची. आत डबा, टॉर्च, स्वेटर, पाना आणि एक टॉवेल.

"मामाजी, वजन सारखं पायजे न दोन्हीकडे."

"मंग तुमीबी घ्या काई. कोन अडवून राहिलं?"

माझ्याकडे पेटी नव्हती. मी क्वार्टरच्या मागून दोन विटा आणल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत टाकल्या. वैशाली फाटकात उभी राहून हे पाहत होती. तिने वडिलांच्या हातात तिखट पुऱ्यांचा डबा दिला, माझ्या बॅगेकडे पाहिलं आणि हसू दाबलं.

रस्ता असा: भिलाई, उतई, गुंडरदेही, बालोद, गुरूर, मग पुरूरला मोठ्या महामार्गावर लागायचं आणि चारामा, कांकेर, केशकाल, कोंडागाव करत जगदलपूर. जवळपास तीनशे किलोमीटर. सकाळी निघालात तर आरामात संध्याकाळच्या आत पोचता. पेट्रोल भरपूर मिळतं, फक्त केशकाल घाटात काम चालू आहे का हे कांकेरला विचारून घ्या, नाहीतर ट्रकांच्या रांगेत दोन तास जातात.

उतईचं ते वळण आलं तेव्हा रस्ता कोरडा होता. मी तरी पाय आखडून बसलो होतो. मामाजी पुढे होते आणि हेल्मेटच्या आत काहीतरी बोलत होते. गुंडरदेहीला भजी खायला थांबलो तेव्हा मी विचारलं.

"सिग्नल बोलून राहिलो होतो," ते म्हणाले. "इंजिनात दोघं असतात. सहायकानं सिग्नल पाहिला की मोठ्यानं सांगाचा, ड्रायव्हरनं तेच परत म्हनाचं. परत म्हटलं नाई तर त्यानं ऐकलंच नाई, असं समजाचं."

"पण इथं तर तुम्ही एकटेच आहात."

"म्हनून दोनी मीच म्हनतो."

त्यानंतर मी मुद्दाम त्यांच्या जवळून चालवून पाहिलं. खरंच, प्रत्येक वळणाआधी हेल्मेटमधून दोनदा आवाज यायचा. "डावं वळन." "डावं वळन." घरात वैशालीला, तिच्या आईलासुद्धा ही सवय लागलेली आहे हे मला तेव्हा आठवलं. गॅस बंद कर म्हटलं की वैशाली म्हणते, "गॅस बंद." लग्नानंतर सुरुवातीला मला वाटायचं ती चिडवते.

आता टायरांबद्दल, कारण तुमच्यातले निम्मे त्याच्यासाठीच आले आहेत. नवा टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतो, त्यावर भरवसा टाकू नका. आम्ही आठवडाभर गावात चालवून तो वरचा थर घालवला होता. मऊ टायर रस्त्यावर आवाज करत नाही, लहान खड्डे पिऊन टाकतो आणि वळणात नुसतं मनात आणलं तरी गाडी झुकते. कडक टायर सिमेंटच्या रस्त्यावर गुणगुणतो, पुलाच्या जोडावर कंबरेला कळवतो, पण वजन लादून सरळ जायचं असेल तर तो जास्त स्थिर आहे. गुंडरदेहीहून बालोदपर्यंत आम्ही गाड्या बदलल्या आणि मामाजींची मी चालवून पाहिली, पेटीसकट ती जराही डुलली नाही.

वळणातली पकड पाहायला मी एक सोपी युक्ती केली होती. मागच्या टायरवर काठापासून काठापर्यंत खडूची आडवी रेघ ओढायची. गाडी जितकी झुकेल तितका खडू पुसला जातो. केशकाल घाट चढून वर थांबलो तेव्हा माझी रेघ जवळजवळ काठापर्यंत पुसली गेली होती. मामाजींच्या टायरवर दोन्ही बाजूंना दोन दोन बोटं खडू शिल्लक होता. मी वहीत लिहिलं: मऊ टायर, वळणात पूर्ण भरवसा. मामाजींनी उलट्या हाताने दोन्ही टायर चाचपले, जसे ते कधीकाळी इंजिनाची चाकं चाचपत असतील, आणि म्हणाले, "तुमचा जास्त तापून राहिला."

"मऊ रबर तापतंच मामाजी."

"असंन," म्हणाले आणि पुऱ्यांचा डबा उघडला.

जगदलपूरला पंधराशेत दोघांना बरी खोली मिळाली. दुसऱ्या दिवशी चित्रकोट. शहरापासून चाळीसेक किलोमीटर, रस्ता सुरेख, दोन्ही बाजूंना भात. इंद्रावती भरून वाहत होती आणि घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कड्यावरून गढूळ पाणी कोसळत होतं. मी तिथे सासऱ्यांबरोबर उभा होतो. मामाजी माणूस लाख चांगला, पण ज्या जागेचं स्वप्न बायकोबरोबर पाहिलं तिथे तिच्या वडिलांबरोबर उभं राहून फोटो काढताना मला फार वाईट वाटलं. फोटो वैशालीला पाठवला. तिचं उत्तर आलं, "बाबांनी स्वेटर घातला का?" मामाजींनाही ते जाणवलं असावं. ते बोबो खायला घेऊन आले. बस्तरची ती गोड तळलेली भजी आहेत, गरम असतानाच खावीत. पुडा माझ्या हातात देत म्हणाले, "पुढच्या वेळी तिले आना."

सोमवारी परत निघालो. कोंडागाव सोडलं आणि रिमझिम सुरू झाली. केशकालच्या माथ्यावर पोचलो तेव्हा घाट चकचकीत ओला होता. मला मनातून आनंदच झाला. पकडीची खरी परीक्षा आता होणार होती, आणि माझ्याकडे सात हजारांचा टायर होता.

मी पुढे निघालो. दोन वळणं झकास गेली. तिसऱ्यात शिरलो आणि समोरून एक ट्रक अर्धा माझ्या बाजूला आलेला दिसला. मी ब्रेक दाबला. मागचं चाक एक वीतभर बाहेर सरकलं, गाडीने अंग झटकलं आणि कशीबशी सरळ झाली. ट्रक निघून गेला. मी कडेला थांबलो. घाबरण्यापेक्षा वाईट गोष्ट दुसरीच होती. तो झटका माझ्या ओळखीचा होता. तो अगदी उतईचा झटका होता.

मामाजी मागून आले. त्यांनी वळणाच्या बऱ्याच आधी वेग इतका कमी केला होता की वळणात त्यांना ब्रेकला हात लावावा लागला नाही. माझ्यामागे गाडी उभी करून ते उतरले.

"टायर घसरला," मी म्हटलं.

"हो."

घाट उतरून पहिल्याच ढाब्यावर थांबलो. मी चहा न घेता टायर तपासायला बसलो. हवा बरोबर, खाचा खोल, खिळा नाही, काच नाही. काहीतरी दोष असायलाच हवा होता. तुलनेसाठी मामाजींचा टायर पाहावा म्हणून त्यांच्या गाडीच्या उजव्या बाजूला गेलो. तीन दिवस मी सगळी मापं डाव्या बाजूने, स्टँडकडून घेत होतो. सायलेन्सरच्या मागे टायरवर एक बाण होता. टायर कोणत्या दिशेने फिरला पाहिजे ते सांगणारा. चाक पुढे जाताना फिरतं त्याच्या उलट दिशेला तो रोखलेला होता.

"मामाजी, टायर उलटा बसवला तुम्ही."

ते वाकले, चष्मा वर केला, बोटाने बाण पुसून पाहिला. "याले दिशा असते?"

"असते न. पाणी बाहेर फेकायच्या खाचा एकाच दिशेच्या असतात."

"इंजिनाच्या चाकाले कुठं असते? पुढं जाय का मांगं जाय, सारखंच." मग फार ओशाळून म्हणाले, "मले कोनी सांगितलंच नाई."

मला हसू आलं. तपासणी विभागातला मी, खाचांची खोली मिलिमीटरच्या हिशेबात लिहीत आलो आणि एवढा मोठा बाण मला दिसला नाही. पण हसता हसता माझं मलाच उमगलं. हा माणूस उलट्या टायरवर ओला घाट उतरला आणि तसूभर हलला नाही. मी सुलट्या, महागड्या टायरवर घसरलो. आता दोष द्यायला टायर उरला नव्हता.

चहा समोर आला तेव्हा मामाजींनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "त्या दिवशी उतईले ब्रेक कुठं मारला होता तुमी?"

मी कप खाली ठेवला. "वळणात," मी म्हटलं.

त्यांनी आपला चहा संपवला, मग म्हणाले, "लोड भरलेली मालगाडी असली न, तर सिग्नल दिसाच्या पहिलेच हात ब्रेकवर न्याचा असते. ते सवयीनं येते. टेन्शन नका घेऊ."

कांकेरला एका पंक्चरवाल्याने टायर काढून सुलटा बसवून दिला. तो मामाजींना विचारत होता, "किसने लगाया था, बाबूजी?" मामाजी म्हणाले, "था एक अनाड़ी." पुढचा सगळा रस्ता मी त्यांच्या मागे राहिलो आणि ते जिथे वेग कमी करतील तिथेच करत गेलो.

संध्याकाळी सेक्टर टूला पोचलो. मामाजी चहा घेऊन चरोद्याला गेले. वैशालीने माझ्या बॅगेतून विटा काढून अंगणात ठेवल्या आणि विचारलं, "मंग, कोणता टायर जिंकला?"

माझ्याकडे वही होती. ती मी उघडली नाही. "उतईला टायर घसरला नव्हता," मी म्हटलं. "मी वळणात ब्रेक मारला. माझी चूक होती. तुझा हात माझ्यामुळं मोडला."

तिने हातावरची विटांची धूळ झटकली. "मले मालूम होतं. मी मागंच तर बसली होती."

"मंग वर्षभर बोलली कावून नाही?"

"तुमी टायरवर एवढा मोठा लेख लिहून राहिले होते. मी म्हटलं, पाहू कधी समजते तर." मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी 'डावं वळण' म्हटलं होतं. तुमी परत म्हटलंच नाही."

मला ते ऐकू आलं होतं की नाही, हेही मला आठवेना. त्या क्षणी इतकी लाज वाटली की मी वही तशीच बॅगेत कोंबली.

तर निकाल लिहितो, कारण तुम्हाला टायर घ्यायचा आहे. सहा-सातशे किलोमीटरमध्ये मऊ टायर मधोमध जवळपास अर्धा मिलिमीटर झिजला, कडक त्याच्या निम्मा. घाटाची हौस असेल तर मऊ घ्या, सामान लादून दूर जायचं तर कडक. पेट्रोल दर गाडीला दोन हजारांच्या आत आलं. टायर घरी बसवू नका, आणि बसवलात तर बाण दोन्ही बाजूंनी शोधा. माझा जुना लेख मी काढलेला नाही, पण त्याच्या सुरुवातीला दोन ओळी जोडल्या आहेत: टायर निर्दोष होता, चालवणारा नव्हता.

पुढच्या रविवारी सकाळी मी गाडी पुसत होतो तर वैशाली हेल्मेट घेऊन बाहेर आली. स्कूटीची किल्ली तिच्या हातात नव्हती. ती माझ्या मागे बसली. "उतईला चला," म्हणाली. आदल्या रात्री पाऊस झाला होता, रस्ता ओलाच होता. मी इतका हळू चालवत होतो की एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला. उतईला भजी खाल्ली आणि परत फिरलो. ते वळण दिसायला लागलं तसे तिचे दोन्ही हात मागच्या दांडीवर घट्ट झाल्याचं मला कळलं.

"डावं वळण," ती माझ्या कानाशी म्हणाली.

"डावं वळण," मी म्हटलं, आणि वळण यायच्या आधीच वेग कमी केला.