रत्नाकाकूचं भय

रत्नाकाकूला भीती वाटली की ती सांगून टाकायची. भूक लागली, तहान लागली म्हणावं तितक्या सहज. चुलीवर दूध असताना बाहेर वीज कडाडली, तर हातातला चिमटा खाली ठेवून ती म्हणायची, "मला भय वाटतंय हो. कुणीतरी इथे येऊन बसा." आम्हा पोरांपैकी कुणीतरी जाऊन तिच्याशेजारी बसायचं. मग ती पुन्हा दुधाकडे बघायला लागायची.

आमच्या दिंद्रुडमध्ये हे नवलच होतं. आमच्याकडे बाईला विंचू चावला तरी ती आधी हातातली भाकरी तव्यावर टाकते आणि मग बोलते. रत्नाकाकू मात्र मारक्या बैलाला भ्यायची, विहिरीच्या काठाला भ्यायची, ड्रायव्हर मागे घेत असला की दुधाच्या गाडीला भ्यायची. सगळ्यात जास्त भ्यायची ती उन्हाळ्यातल्या दुपारला. "इथे दुपारी काही म्हणजे काही ऐकू येत नाही," ती म्हणायची. "सगळी माणसं कुठेतरी निघून गेल्यासारखं वाटतं."

ती कोकणातली, रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावची. माझा धाकटा काका गावच्या दूध सोसायटीचा सचिव होता. सहकाराच्या कसल्याशा प्रशिक्षणाला तो तिकडे गेला, तिच्या आईच्या खानावळीत जेवला आणि परत आल्यावर लग्न करीन तर तिच्याशीच म्हणून बसला. माझी आई म्हणाली होती, "भावजी, तुमी ट्रेनिंगला गेलता का सोयरीक जमवाया?"

आई म्हणजे काकूची थोरली जाऊ. गेवराईकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी. तिला कशाचीच भीती नव्हती. कडब्याच्या गंजीत निघालेला साप तिने खुरप्याने मारला होता आणि वर शेजारच्या गड्यांना हसली होती. काकूचं भय बघून ती कपाळाला हात लावायची. "भ्यायलाच जन्मली ही," म्हणायची. श्रावणात आम्ही सगळे कपिलधारला गेलो की आई लुगडं खोचून थेट धारेखाली उभी राहायची. काकू लांब झाडाखाली चपला आणि डब्यांची पिशवी सांभाळत बसायची आणि तिथून एकेकाचं नाव घेऊन हाका मारायची. ओ दिली नाही की उठून उभी राहायची. आई ओल्या केसांनी परत यायची आणि म्हणायची, "समुद्राकाठची ना तू? मग पाण्याला कावून भितीस? पाणी न्हाई त्याला भ्यावं मानसानं."

 काकू डबे उघडायला लागायची.

मी दहाएक वर्षांची असताना पाऊस पाठ फिरवून गेला. विहिरी खडखडीत झाल्या. जनावरं चारा छावणीत गेली आणि त्यांच्याबरोबर काका सोडून घरातले सगळे पुरुषही. सोसायटीत सकाळी दुधाची रांग लागायची, तिथे आता दोन-चार बायका तांब्याएवढं दूध घेऊन यायच्या. एका संध्याकाळी टँकरवर घागरींची मारामारी झाली आणि त्यात माझ्या कपाळाला खोक पडली. त्या दिवशी काका आईला म्हणाला, "वैनी, पोरं घिऊन रत्नाच्या म्हायेरी जावा. पाऊस पडस्तोवर तिकडंच ऱ्हावा. पाणी तरी हाय."

आम्ही गेलो. आई, काकू, मी आणि माझा धाकटा भाऊ दत्ता. तो नुकताच नीट चालायला लागला होता.

काकूच्या माहेरी विहीर अंगणातच होती. रहाट फिरवला की पाणी. आई पहिल्या दिवशी कितीतरी वेळ नुसतं पाणी काढत राहिली. गरज नसताना तिने पायऱ्या धुतल्या, अंगण धुतलं, पाटावरवंटा धुतला. काकूच्या आईने आत जाऊन डोळ्याला पदर लावलेला मी पाहिला.

घर उन्हाळ्याच्या कामांनी भरलेलं होतं. कैऱ्यांच्या फोडी वाळत घालायच्या, कोकमं फोडून सोलं करायची, फणसाचे गरे काढायचे, पावसाळ्यासाठी लाकडं आणि शेणी, म्हणजे गोवऱ्या, पडवीत रचायच्या. आईने सगळं शिकून घेतलं, आणि त्या बदल्यात काकूच्या आईला धपाटे शिकवले. ओहोटी लागली की शेजारच्या बायका टोपल्या घेऊन खाडीत मुळे काढायला जायच्या. मुळे म्हणजे चिखलातले शिंपले. आई त्यांच्याबरोबर जायला लागली. काकू काठापर्यंत यायची आणि तिथेच थांबायची. "अक्का, बायका जातात त्याच वाटेने जा हो. खाडीत वाट असते. दिसत नाही, पण असते."

"हाव, हाव," आई म्हणायची आणि चालू लागायची.

त्या दिवशी आई दत्ताला घेऊन गेली. तो मागे लागला म्हणून. बायका पुढे निघून आल्या होत्या. भरती सुरू होतेय असं घराकडे निघालेल्या बायकांपैकी कुणीतरी ओरडून सांगितलं, आणि लवकर काठाला यावं म्हणून आईने वाट सोडून सरळ आमच्या दिशेने चालायला सुरुवात केली. दत्ता तिच्या कडेवर होता. मी आणि काकू काठावर उभ्या होतो.

आई थांबली. एवढंच दिसलं. मग ती थोडी बुटकी झाल्यासारखी वाटली. मला हसूच आलं. काकूने माझा दंड इतक्या जोरात धरला की मी ओरडले.

"अक्का!" ती किंचाळली. "हलू नका!"

पण आई हलली. अडकलेला पाय जोर लावून उपसायचा, एवढंच तिला ठाऊक होतं. एक पाय उपसायला गेली की दुसरा खोल जायचा. गुडघे दिसेनासे झाले. मग मांड्या. दत्ता रडायला लागला. आणि त्या दोघांच्या मागे, लांबवर, पाण्याची एक चकचकीत पट्टी होती. ती पुढे सरकत होती. लाट नव्हती, आवाज नव्हता. ताटात आमटी पसरावी तसं पाणी पसरत येत होतं.

आईने आमच्याकडे पाहिलं. ते तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. तिने हाक मारली नाही. दत्ताला तिने दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलून धरलं होतं.

काकू मला म्हणाली, "घरी पळ. आंबे काढायची शिडी आण. आजीला सांग, दोर आणि माणसं." तिचे दात वाजत होते. मी धावले. घरी काकूची आई आणि शेजारची एक बाई होत्या. पुरुष मच्छीला आणि बाजाराला गेलेले. शिडी आणि दोर आम्ही ओढतच आणले. परत आलो तेव्हा काकू काठावर नव्हती.

ती चिखलात पोटावर पडून पुढे सरकत होती, पालीसारखी. लुगडं, केस, सगळं चिखलाचं झालं होतं. आणि ती सारखी बोलत होती. काठावर स्पष्ट ऐकू येत होतं.

"अक्का, मला भय वाटतंय. लई भय वाटतंय. तुम्हालाही वाटतंय ना? वाटू दे. पोराला माझ्याकडे द्या. असं. आता मागे रेला. पाण्यावर निजतात तसं. मी धरलंय. निजा अक्का, उभ्या राहू नका, उभ्या राहिलात तर जाल."

आई निजेना. तिचं अंग ताठ झालं होतं. मग काकू ओरडली, आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडली, "निज म्हणते ना!"

आई मागे रेलली.

आम्ही शिडी चिखलावर सरकवली. काकूने दत्ताला शिडीवर ढकललं आणि शेजारच्या बाईने त्याला ओढून घेतलं. पाणी तोवर आईच्या पाठीखाली शिरलं होतं. काकू आईचे पाय चिखलातून हाताने उकरत होती आणि उकरताना रडत होती, मोठ्याने, लहान पोरासारखी. पण हात थांबत नव्हते. एक पाय सुटला. पाणी आईच्या हनुवटीला लागलं. दुसरा सुटला तेव्हा चिखलाने असा आवाज केला, की तो आठवला तर आजही माझ्या अंगावर काटा येतो. दोराने, शिडीने, केसांना धरून, कसंही करून आम्ही दोघींना काठावर घेतलं.

अंगणात बसवून काकूची आई दोघींच्या अंगावर पाणी ओतत होती. तेव्हाच तिने सांगितलं. काकूची थोरली बहीण त्याच खाडीत रुतून गेली होती. मुळे काढायलाच. काकू तेव्हा सहा-सात वर्षांची होती आणि काठावर उभी होती. "त्यानंतर हिने खाडीत पाऊल टाकलं नव्हतं हो," म्हातारी म्हणाली, "आज टाकलंन."

आईने काकूकडे पाहिलं. "बोलली न्हाईस कदी."

"काय बोलायचं अक्का?" काकू म्हणाली. "भय वाटतं एवढं तर रोज सांगत होते."

त्यानंतर आईने काकूला हसणं बंद केलं. दोघींत गळामिठ्या वगैरे झाल्या नाहीत. तशी पद्धतच नव्हती. पण दिंद्रुडला परतल्यावर आभाळ गडगडलं की आई हातातलं काम टाकून स्वयंपाकघरात जायची आणि काकूशेजारी लसूण सोलत बसायची.

पुढे काही वर्षांनी, काकूची मुलं शाळेत जायला लागल्यावर, पुन्हा दुष्काळ पडला. तोवर गावात बायकांची वेगळी दूध संस्था निघाली होती आणि आईने आग्रह धरून काकूला तिची अध्यक्ष केलं होतं. काकू हातापाया पडली होती, "मला सभेत बोलायचं भय वाटतं." आई म्हणाली, "म्हनूनच तू. ज्याला भ्या वाटत न्हाई त्यो कायबी बोलतो."

संस्थेच्या आवारात बोअर होता. गावातले सगळे बोअर आटले तरी त्याला पाणी टिकलं होतं, आणि अर्धं गाव तिथून घागरी भरत होतं. तालुक्याच्या एका पुढाऱ्याची नजर त्यावर गेली. त्याला पाइप टाकून ते पाणी आपल्या उसाला न्यायचं होतं. तो सभेला आला, पुढच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "वैनी, सह्या करा. तुमच्या संस्थेचं कल्याणच हाय यात."

काकू उभी राहिली. पदराचं टोक तिने बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. ती म्हणाली, "साहेब, मला तुमचं फार भय वाटतं. म्हणून घाईघाईने सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. पाणी देता येणार नाही." आणि खाली बसली.

सभेत कुणी हसलं नाही. पुढारीही हसला नाही. तो उठून गेला. दुसऱ्या दिवसापासून एक जीप आमच्या घरावरून हळूहळू जायला लागली. दारासमोर थांबायची, इंजिन चालूच ठेवायची. आत काकू माजघरात भिंतीला टेकून बसायची, घामाने भिजलेली. "ते आत येतील का हो?" ती प्रत्येकाला विचारायची. येणार नाहीत असं काका सांगायचा. त्याचाही आवाज कापायचा. आणि सकाळी उजाडता उजाडता काकू उठून, आईला बरोबर घेऊन, बोअरचं कुलूप काढायला जायची. एकदा वाटेतच तिला उलटी झाली. तोंड धुऊन ती पुढे गेली. पाऊस पडेपर्यंत पाइप काही पडला नाही. जीपही एक दिवस यायची थांबली.

काका गेल्यावर काकू आईजवळच राहिली. तिची मुलं तिला पुण्याला न्यायला आली होती, ती म्हणाली, "तिथे लिफ्ट आहे." पण खरं कारण ते नव्हतं, हे मुलांनाही कळलं असणार.

गेल्या माघात काकू गेली. दुपारी जेवून पडली होती, ती उठली नाही. आई शेजारीच गहू निवडत होती. तिला सूप पुरं होईस्तोवर कळलं नाही. माणसं जमली तेव्हा आई म्हणाली, "बरं झालं. तिला कायच कळलं न्हाई." तिने काकूला न्हाऊ घातलं, आल्यागेल्याला चहा विचारला, मुलांना सावरलं. दिवस पार पडेपर्यंत मी तिच्या डोळ्यात पाणी पाहिलं नाही. बायका आपसात म्हणत होत्या, म्हातारी दगडाची हाय.

तेरावा झाला. पाहुणे गेले, मुलं गेली. दत्ता छत्रपती संभाजीनगरला नोकरीवर परतला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने मीही निघाले. आई स्टँडपर्यंत आली. ऊन तापायला लागलं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गाडी आली, मी पिशवी वर ठेवली आणि खिडकीतून तिला म्हटलं, "जा आता घरी. उन्हात उभी राहू नकोस."

ती हलली नाही. खिडकीच्या गजांवर तिने हात ठेवला होता. कंडक्टरने घंटी मारली. तेव्हा ती इकडेतिकडे बघत, कुणी ऐकत नाही ना याची खात्री करत, हलक्या आवाजात म्हणाली,

"घरात लई शांत हाय गं. आजच्या दिवस ऱ्हातीस का?"

मी पिशवी काढली आणि खाली उतरले.