चूक करणाऱ्याचा डबा

आमच्या जुन्या टीममध्ये ज्याच्या हातून घोळ व्हायचा, त्यानं दुसऱ्या दिवशी घरून सगळ्यांसाठी डबा आणायचा आणि खाता खाता तो घोळ कसा झाला ते सांगायचं. हा आमच्या पहिल्या साहेबांचा नियम. आम्ही दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर सांभाळतो, तेव्हा घोळ हे व्हायचेच. साहेब मूळचे शहराच्या जुन्या भागातले, गौलीगुड्याचे, बोलणं दखनी हिंदी. आवाज चढवलेला आम्ही कधी ऐकला नाही. डबे उघडले की म्हणायचे, "पैले खाओ, फिर रोओ."

माझी पाळी बऱ्याचदा यायची. काचीगुड्याच्या घरी मी सकाळी जास्तीचे धपाटे मागितले, की आई पीठ मळता मळता विचारायची, "आज परत काय करून आलीस गं?"

शेजारच्या खुर्चीवरची माझी मैत्रीण दिलसुखनगरची, तेलुगू. तिनं एकदा एका दवाखान्याच्या सगळ्या पेशंटांना 'हॅलो टेस्ट' एवढाच मेसेज धाडला. कितीतरी आजोबांनी उलट फोन करून विचारलं, टेस्ट रक्ताची की लघवीची, आणि उपाशीपोटी यायचं का. दुसऱ्या दिवशी तिनं आणलेला पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, खाताना आम्हाला हसून हसून ठसका लागला. रडवेली होऊन आलेली तीसुद्धा हसली. तशी चूक मग आमच्यात कुणी केली नाही.

पुढं कंपनीत फेरबदल झाले, साहेबांना जावं लागलं आणि नवीन साहेब आले. इंग्रजी गुळगुळीत, नजर सतत फोनमध्ये. पहिल्याच आठवड्यात त्यांनी डबा बंद केला. चुकांची पार्टी कसली करता, म्हणाले. त्याऐवजी दर सोमवारच्या मीटिंगमध्ये चुकणाऱ्याचं नाव पडद्यावर लाल अक्षरांत यायला लागलं. घोळ कसा झाला हे कुणी विचारायचं नाही, नुसतं नाव वाचायचं. आता दुपारी जो तो कानात हेडफोन घालून आपापल्या जागेवर जेवतो. मला त्या गोंगाटाची फार आठवण येते.

यंदा उन्हाळ्यात मी नवीन अपडेट चढवलं आणि एका दवाखान्याच्या दुपारनंतरच्या सगळ्या अपॉइंटमेंट गायब झाल्या. काउंटरवरची बाई फोनवर रडकुंडीला आली होती. म्हातारी माणसं दोन-दोन बस बदलून आली होती आणि त्यांची नावंच कुठं दिसत नव्हती. मैत्रिणीनं खुर्ची सरकवून माझ्या स्क्रीनवर एक नजर टाकली आणि कुठली ओळ बदलायची ते लगेच सांगितलं. इतकं लगेच, की तुला कसं ठाऊक, असं मी विचारलंच. तिच्याकडच्या दवाखान्यात आदल्याच आठवड्यात हेच झालं होतं. तिनं ते गुपचूप निस्तरलं होतं.

"मेरेकु बोली क्यों नहीं?" मी विचारलं.

"कैसे बोलती? मंडे को नाम आता ना मेरा," ती म्हणाली. "इनक्रीमेंट का टाइम है."

तिचा राग यायला हवा होता. पण आला तो नव्या साहेबांचा. ऑफिसातली कुठलीही गोष्ट एकमेकींना सांगितल्याशिवाय आम्हाला चैन पडत नसे. जुन्या साहेबांना फोन करावासा वाटला. पण सांगणार काय, तुमच्या पोरी आता एकमेकींपासून लपवतात म्हणून?

त्या सोमवारी माझं नाव लाल अक्षरांत आलं. त्यानंतर कुणाचंच आलं नाही. तिमाहीच्या सभेत नव्या साहेबांनी जाहीर केलं, की अख्ख्या ऑफिसात सगळ्यात कमी चुका आमच्या टीमच्या. टाळ्या सुरू झाल्या. मी मैत्रिणीकडे पाहिलं, तर तीही समोर बघत टाळ्या वाजवत होती. मग मीही वाजवल्या. त्याच सकाळी मी माझी एक चूक निस्तरली होती, आणि तिला सांगितली नव्हती.